शिखरयादीचं उद्यापन: कळसूबाईचा हिवाळी ट्रेक गटाने कसा करायचा

राज्यातली उंच शिखरं एकेक करून चढायची यादी ग्रुपने घेतलेली असते. तिच्यातलं एकच शिखर उरलं की ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एकाला येत्या रविवारी जाऊन विषय संपवायचा असतो. दुसऱ्याला बायको, मुलं, सासरे आणि ऑफिसातला एक मित्र अशी सगळी वरात वर न्यायची असते. मी दुसऱ्या तटातला. वर्ष-दोन वर्षं ज्यांनी आपल्या शनिवार-रविवारच्या गैरहजेरीचे डबे भरून दिले, त्यांना शेवटच्या दिवशी घरी ठेवणं बरं नाही. पण वरात डोंगरावर चढवायची तर आखणी नेहमीच्या ट्रेकपेक्षा बारकाईने करावी लागते, आणि ती सुरू करायची सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून. तारीख, वाट, मुक्काम, जेवणाची वेळ, सगळं त्याच्यावरून ठरतं.

आधी यादीचा वाद मिटवा

बहुतेक ग्रुप शाळेच्या भूगोलातली आणि पुढे स्पर्धा परीक्षेसाठी घोकलेली यादी घेतात: कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८, हरिश्चंद्रगड १४२४, सप्तशृंगी १४१६, तोरणा १४०४. सुरुवातीला ती ठीक, पण डोंगरात हिंडणाऱ्याला तिच्यातली भोकं लगेच दिसतात. भंडारदरा आणि हरिश्चंद्रगड यांच्या मधल्या रांगेतले घनचक्कर आणि गवळदेव दोन्ही १५०० मीटरच्या वर आहेत, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. तरी पुस्तकात त्यांचा पत्ता नसतो.

दुसरा वाद 'झालं' कशाला म्हणायचं याचा. महाबळेश्वरचा सर्वोच्च भाग म्हणजे विल्सन पॉइंट, आणि तिथे गाडी जाते. सप्तशृंगीच्या माथ्यावर तुम्हा-आम्हाला चढायची मुभाच नाही. तिथे ध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी पाटील घराण्याकडे आहे. देवीच्या देवळापर्यंत पायऱ्या आहेत आणि २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीसुद्धा. मग ट्रॉलीत बसून आलेल्याचं शिखर धरायचं का? माझं मत सांगतो: सप्तशृंगीला डोंगराची प्रदक्षिणा आणि महाबळेश्वरला पायथ्याच्या एखाद्या गावातून पायी चढाई, असं केलं असेल तरच खूण करावी. तुम्ही वेगळं ठरवा, पण ठरवून लिहून ठेवा. उद्यापनाच्या जेवणावेळी हा वाद निघाला की भाकऱ्या गार होतात.

दोघा-तिघांचं एखादं शिखर हुकलेलं असतंच. कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑडिट, कुणाचा गुडघा. त्यांच्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात भरपाईचे ट्रेक लावा. सगळ्यात जास्त लोकांचं साल्हेर राहिलेलं असतं, कारण नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात जाऊन यायला पुण्या-मुंबईहून पूर्ण दोन दिवस मोडतात. तरीही एखाद्याची यादी अपुरी राहिली तर त्याला उद्यापनाला जरूर न्या. प्रशस्तिपत्र मागाहून द्या, पण जेवणाच्या पंगतीत भेद करू नका.

शेवटी कळसूबाईच का

साल्हेर शेवटी ठेवायचा मोह होतो, कारण राज्यातला तो सर्वांत उंच किल्ला. १६७२ ची लढाई त्याच्या पायथ्याशी झाली आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे. पण घरच्यांना घेऊन तिथे जाणं दगदगीचं. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी असली तरी पसारा मोठा, आणि तारामती या त्याच्या सर्वोच्च टोकापर्यंत सगळे येतीलच असं नाही.

कळसूबाईचं तसं नाही. पायथ्याच्या बारी गावापर्यंत डांबरी रस्ता आहे, वाट मळलेली आहे, अवघड कातळावर लोखंडी शिड्या आहेत, आणि जिथून परत फिरावंसं वाटेल तिथून फिरता येतं. वाटेत खालच्या सोंडेवर देवीचं एक लहान देऊळ आहे. ज्यांना माथा झेपणार नाही त्यांचा ट्रेक तिथे मानाने पूर्ण होतो. शिवाय राज्याचं सर्वोच्च टोक शेवटी आलं की मुलांनाही ते समजावून सांगावं लागत नाही. उत्तरेकडून इंदोरे गावाची वाटही आहे, पण ती कष्टाची. उद्यापनाला बारीचीच वाट धरा.

तारीख

डिसेंबरचा मधला पंधरवडा ते जानेवारीअखेर हा काळ चांगला. त्यातून दोन गोष्टी वगळा: नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी. त्या दिवसांत शिड्यांपाशी मध्यरात्रीपासून रांग लागते. शक्य असेल तर सगळ्यांनी एक दिवस रजा टाकून शुक्रवारी चढा. ते जमत नसेल तर रविवारपेक्षा शनिवार बरा. मला स्वतःला भोगीच्या आसपासचे दिवस आवडतात. तिळगूळ कुणी ना कुणी घेऊन येतंच, आणि डोंगरावर त्याच्याइतका सोयीचा खाऊ नाही.

या दिवसांत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो, म्हणजे हातात जेमतेम अकरा तास उजेड. थंडीबद्दल एक गैरसमज असतो की जितकं वर तितका गारठा. उंचीप्रमाणे तापमान उतरतं हे खरं, दर १००० मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास. पण निरभ्र, शांत रात्री गार हवा खाली दरीत साचते, त्यामुळे पहाटे बारीच्या अंगणातच दात वाजतात. माथ्यावर त्रास देतो तो वारा. घामाने भिजलेल्या पाठीवर तो बसला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते. आणि अकरा वाजता त्याच माथ्यावर ऊन चटके देतं. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत, आणि उतरताना डोकं धरून बसतात.

माणसं आणि जबाबदाऱ्या

पंचवीसच्या वर जाऊ नका. त्याहून जास्त होत असतील तर दोन दिवसांत दोन गट करा आणि जेवण एकत्र ठेवा. सहा-सात जणांच्या तुकड्या पाडा. प्रत्येक तुकडीत यादी पूर्ण केलेले निदान दोघे हवेत, म्हणजे नवख्यांना सोबत राहील.

पुढे एक लीड, शेवटी एक टेल. लीडच्या पुढे कुणी जायचं नाही, टेलच्या मागे कुणी राहायचं नाही. लीड सगळेच मागतात. टेल मात्र ग्रुपमधल्या सर्वांत शांत आणि सर्वांत अनुभवी माणसाला द्या, कारण दमलेल्या, चिडलेल्या किंवा रडवेल्या माणसाबरोबर तासन्‌तास चालायचं काम त्याचं आहे. तो "चला, आता थोडंच राहिलं" असं खोटं सांगणारा नसावा.

नावनोंदणीच्या वेळी तीन गोष्टी विचारा: रक्तदाब, दमा, मधुमेह किंवा गुडघ्याचं काही दुखणं आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या, आणि घरचा संपर्क क्रमांक. हा कागद लीड आणि टेल दोघांकडे हवा. बॅटरी संपू शकणाऱ्या फोनवर भरवसा ठेवण्यापेक्षा घडी घातलेला कागद बरा. महिनाभर आधी नवख्यांना एक सराव द्या. पुण्यात असाल तर सिंहगड पायी, मुंबईकरांना राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत चालणं, तेही नाही तर सोसायटीचे जिने. कळसूबाईला ८००-९०० मीटरच्या घरातली चढण आहे. जो सिंहगड दोन तासांत दम न लागता चढतो त्याला ती झेपते.

पोचणं आणि मुक्काम

मुंबईहून कसारा किंवा इगतपुरीपर्यंत रेल्वे आणि पुढे घोटीमार्गे जीप. आधी ठरवलेली जीप घ्या, उतरल्यावर शोधत बसू नका. नाशिककरांनाही घोटीवरूनच यायचं. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडीवरून बारी. पुण्याचा प्रवास लांबचा असल्याने दुपारी जेवूनच निघा. रात्रभर गाडी चालवून पहाटे चढायचं आणि दुपारी तोच ड्रायव्हर घाटातून गाडी परत आणणार, हा बेत कितीही स्वस्त पडला तरी नको.

मुक्काम बारीत, कुणाच्या तरी घरी. गावातली बरीच घरं राहण्या-जेवण्याची सोय करतात. आठवडाभर आधी फोन करून माणसं, ताटं आणि वेळ ठरवा, आगाऊ रक्कम पाठवा, आणि ठरलेला आकडा बदलला तर लगेच कळवा. पंचवीस ताटांसाठी किती भाकऱ्या थापाव्या लागतात हे ज्याने चुलीपाशी बसून पाहिलंय तो ऐन वेळी "आम्ही आठ जण कमी झालो" म्हणणार नाही. आणि घासाघीस करू नका. शहरात एका कॉफीला जेवढे देता तेवढ्यात इथे ताट येतं.

माथ्यावर तंबू टाकण्याचा विचार सोडून द्या. हा सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शेकोटी तर नकोच. जानेवारीतलं वाळकं गवत एका ठिणगीत पेटतं, आणि अभयारण्यात जंगलाला धोका होईल असा विस्तव करणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शेकायचं तर यजमानांच्या अंगणात, त्यांनी पेटवलेल्या जाळाभोवती.

सॅकमध्ये काय

माणशी अडीच-तीन लिटर पाणी. माथ्याच्या अलीकडच्या टप्प्यात एक विहीर आहे, पण तिच्या भरवशावर चढू नये, आणि पाणी घेतलंच तर शुद्ध करून प्या. कपडे थरांनी: घाम वाळवणारा टीशर्ट, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं विंडचीटर. कानटोपी घ्याच. एक कोरडा टीशर्ट प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा आणि माथ्यावर पोचताक्षणी बदला. वर सांगितलेल्या हुडहुडीवर हाच उपाय. पातळ हातमोजे शिड्यांसाठी. पहाटे दव पडलेला लोखंडी कठडा उघड्या हाताने धरला की बोटं बधिर होतात आणि पकड कळेनाशी होते.

बूट वापरलेले हवेत, नवे कोरे नकोत. तळ झिजला असेल तर मात्र आधी बदला, कारण हिवाळ्यात वाटेवरचा मुरूम सुटतो आणि घसाऱ्यावर गुळगुळीत तळ टिकत नाही. हेडटॉर्च प्रत्येकाला. मोबाइलचा टॉर्च शिडीवर हातात धरता येत नाही. खायला राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, संत्री. वेफर्सची पाकिटं घेऊ नका, कुरकुर जास्त आणि पोटात काही जात नाही. तुकडीमागे एक क्रेप बँडेज, ओआरएस, आणि ज्याच्या त्याच्या गोळ्या.

११२ आणि १०८ हे आणीबाणीचे क्रमांक सगळ्यांना पाठ असतातच. शिवाय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन घरूनच शोधून सेव्ह करा.

चढाईचा दिवस

सूर्योदय माथ्यावरून बघायचा हट्ट सोडा. तो बघायचा तर पहाटे तीनला निघावं लागतं, शिड्या अंधारात चढाव्या लागतात, आणि वर पोचल्यावर वाऱ्यात तासभर कुडकुडत बसावं लागतं. घरच्यांना एकदा हे घडलं की ते पुन्हा तुमच्याबरोबर येत नाहीत. त्याऐवजी असा दिवस धरा:

साडेपाचला चहा-पोहे. गावातलं स्वच्छतागृह सगळ्यांनी इथेच वापरून घ्यायचं, कारण पुढे वाटेवर सोयीची खात्री नाही. बायकांच्या सोयीचा विचार लीडने स्वतः आधी बोलून दाखवावा, त्यांना विचारायला लावू नये. प्रवेश शुल्काला सुटे पैसे जवळ ठेवा आणि पावती जपा.

सव्वासहाला कूच. पहिला अर्धा-पाऊण तास टॉर्चच्या उजेडात, गाव मागे टाकून. इथे वेग मुद्दाम कमी ठेवा, इतका की लीडला कंटाळा यावा. पहिल्या तासात धापा टाकलेला माणूस उरलेला दिवस सावरत नाही. खालच्या देवळाशी पहिली मोजणी आणि दहा मिनिटं विसावा. ज्यांना थांबायचंय त्यांनी इथे ठरवायचं, आणि त्यांच्यासोबत खाली जायला एक माणूस आधीच नेमलेला हवा.

मग शिड्या. पहिल्या शिडीखाली सगळ्यांना थांबवून लीडने दोन मिनिटं बोलावं. काठ्या सॅकला बांधा, लोंबणारे पट्टे आत खोचा, कॅमेरा गळ्यातून काढा. दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. पुढचा माणूस वर पोचून बाजूला झाला की मगच पुढच्याने चढायला लागायचं. मधेच सेल्फी नाही. लोखंडाला पाय लावताना एक बारीक थरथर तळव्यात जाणवते. ती वर चालणाऱ्या माणसाची असते, शिडी हलत नाहीये, हे नवख्याला आधी सांगितलं की भीती निम्मी होते. अपवाद फक्त लहान मुलाचा, त्याच्या लगेच खाली मोठं माणूस ठेवा. गर्दी असेल तर उतरणाऱ्यांना आधी वाट द्या.

प्रत्येक शिडीच्या माथ्यावर मोजणी. वाटेत गावकऱ्यांच्या झोपड्यांत चहा, लिंबू सरबत, भजी मिळतात. तिथे थांबा आणि पैसे खर्च करा, पण सगळ्या झोपड्यांत सगळ्यांनी थांबू नका, नाहीतर दहाचे बारा होतात. तीन ते चार तासांत, म्हणजे दहाच्या आसपास माथा.

एक धोका हिवाळ्यात हमखास विसरला जातो: आग्या मोहोळ. सह्याद्रीच्या कड्यांवर ही पोळी असतात, आणि धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. म्हणून डिओ नको, सिगरेट नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाका, शांतपणे पण झपाट्याने तिथून लांब जा. काटे नखाने खरवडून काढा. अंगावर गांधी उठून श्वास लागत असेल तर थेट खाली आणि दवाखान्यात.

माथ्यावर

माथा लहान आहे, देऊळ त्याहून लहान, आणि तुम्ही एकटे नसता. म्हणून सोहळा दहा मिनिटांचा करा. आधी कोरडे कपडे, मग दर्शन, मग फोटो. ओटीचं सामान कुणाच्या आईने आणलं असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या. बॅनर दुमडून खिशात मावेल असा कापडी, त्यावर सहा शिखरांची नावं आणि उंची. केक वर नेऊ नये. क्रीम पसरतं, खोका उडतो, माकडं येतात. तिळगूळ वाटा. स्पीकर, रंगीत धूर, फटाके यांचं काम नाही, कारण मघाशी सांगितलेल्या माश्या.

देवीची कथा इथे मुलांना सांगण्यासारखी आहे. कळसू ही कोळ्यांची मुलगी, रानात हिंडायची हौस असलेली. इंदोऱ्यात एका घरी कामाला राहिली ती एका अटीवर, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी नेमकं तेच सांगितलं. तिने ते केलं आणि तडक डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. जिने केरापायी घर सोडलं, तिच्या दारात आपण वेफर्सची पाकिटं टाकून यायचं, याला काय म्हणावं? प्रत्येकाने आपला कचरा आपल्या सॅकमध्ये, आणि टेलकडे एक मोठी पिशवी वाटेतल्या परक्या कचऱ्यासाठी.

मग जरा बसा. पश्चिमेकडे अलंग, मदन, कुलंग, दक्षिणेला भंडारद्याचं पाणी आणि त्यापलीकडे रतनगड, दूरवर हरिश्चंद्रगडाची रांग. यादीतलं एक शिखर दुसऱ्यावरून ओळखता येणं हेच या खटाटोपाचं बक्षीस, त्यामुळे यादी पूर्ण केलेल्यांनी नवख्यांना बोट धरून दाखवावं. दुपारी धुरकं चढतं, तेव्हा हे आल्याआल्याच करा.

उतरण

साडेअकराला निघायचंच. बहुतेक पाय उतरतानाच मुरगळतात, कारण मन खाली जेवणापाशी पोचलेलं असतं. शिडीवर तोंड शिडीकडे करून उतरा. घसाऱ्यावर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, काठी पुढे. धावत उतरणारा एक तरी वीर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला टेलच्या हाताखाली द्या आणि कचऱ्याची पिशवी त्याच्या खांद्यावर. मोजणी चढतानाच्याच ठिकाणी, त्याच क्रमाने. अडीच-तीनपर्यंत सगळे गावात.

जेवण आणि निघणं

खरा समारंभ इथे. गरम भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात. जेवणाआधी बूट-मोजे काढून कुसळं झाडा आणि पाय धुऊन घ्या, फोड आले असतील ते आत्ताच कळतात. जेवताना प्रत्येकाने एकच आठवण सांगायची, दोन मिनिटांत. भाषण नको. सत्कार करायचाच तर पहिलं श्रीफळ ज्यांच्या घरी जेवलात त्या यजमानीणबाईंना.

चारला गाड्या हलल्या पाहिजेत, म्हणजे घाट उजेडात ओलांडला जातो. ड्रायव्हर सकाळी चढला असेल तर त्याला जेवणानंतर तासभर झोपवा, नाहीतर न चढलेल्याला चालवू द्या. घरी पोचल्याचा मेसेज प्रत्येकाने टेलला करायचा. हिशोब त्याच आठवड्यात ग्रुपवर टाका, उरलेले पैसे परत करा, आणि पुढच्या यादीत घनचक्कर धरायचा की नाही यावर भांडण सुरू करायला हरकत नाही.